अठरा मिनिटांची चूक

2023 च्या रमजानमधली गोष्ट. पाचवा रोजा होता. असरची नमाज पढून घराकडे वळलो, तोच शेजारच्या खालांनी दारातून हाक मारली. "बेटा, तेरे मोबाइल का टैम गलत है क्या रे?"

त्यांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात किराणा दुकानातून आलेलं रमजानचं छापील टाइमटेबल. नांदेडमध्ये राहणाऱ्याला हा कागद वेगळा सांगायला नको. वर मशिदीचं चित्र, दोन्ही बाजूंना कापड दुकान, मोबाइल शॉपी, दवाखान्याच्या जाहिराती आणि मध्ये तीस ओळींत सहरी नि इफ्तारच्या वेळा. त्या दिवशीची सहरी कागदावर 5 वाजून 2 मिनिटांनी संपत होती. फोनवर 5 वाजून 23 मिनिटांनी.

फोनवरचं ते पान मी बनवलेलं होतं. खालांच्या फोनवर ते मीच उघडून दिलं होतं, होम स्क्रीनवर चिकटवूनही दिलं होतं. त्या एकट्या राहतात. पहिल्या रोज्यापासून त्या पानावर विसंबून पाच-वीसपर्यंत पाणी पीत होत्या, बीपीची गोळीही शेवटच्या घोटासोबत घेत होत्या.

मी तिथेच उभ्या उभ्या म्हणालो, "खाला, ते साइड प्रोजेक्ट आहे माझं, फावल्या वेळात केलेलं." त्यांना त्यातलं काही कळलं नाही. मला मात्र आपण काय बोललो ते लगेच कळलं. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

आधी चूक काय होती ते सांगतो, कारण ती समजल्याशिवाय पुढचं बोलणं पोकळ वाटेल.

मी वेब डेव्हलपर आहे. पोट भरतं ते कोचिंग क्लासेस, हॉस्पिटलं आणि मंगल कार्यालयांच्या वेबसाइटवर. लातूर माझं गाव, नांदेडला कामासाठी आलो आणि राहिलो. दोन्ही शहरांत आता क्लासेसचा धंदा इतका वाढलाय, की जून आला की माझ्याकडे एकच काम असतं. गुणवंतांचे फोटो पानावर डावीकडून उजवीकडे सरकवायचे. मागच्या वर्षी एका साहेबांनी उजवीकडून डावीकडे सरकवायला सांगितले, तेवढाच बदल. 'लातूर पॅटर्न'चा अभिमान मलाही आहे, पण त्याचं माझ्या वाट्याला आलेलं रूप हे असं.

या कामाचा कंटाळा घालवायला मी रात्री काहीबाही बनवत असतो. आमच्या धंद्यात त्याला साइड प्रोजेक्ट म्हणतात. नमाजच्या वेळांचं पान त्यातलंच. त्यामागचं गणित मला मनापासून आवडतं. जुहर सूर्य माथ्यावरून कलल्यावर सुरू होते, मगरिब सूर्यास्ताला. असरसाठी सावली मोजायची. हनफी पद्धतीत वस्तूच्या सावलीत तिच्या उंचीच्या दुपटीची भर पडली की असर, शाफई पद्धतीत उंचीएवढी भर पडली की. फजर आणि इशाची वेळ सूर्य क्षितिजाखाली किती अंश आहे यावर ठरते, आणि घोळ होतो तो इथेच. कराचीच्या पद्धतीत फजरला 18 अंश धरतात, उत्तर अमेरिकेतल्या इस्नाच्या पद्धतीत 15, इजिप्तच्या पद्धतीत साडेएकोणीस. आपल्या अक्षांशावर एका अंशाला साधारण सव्वाचार मिनिटं पडतात. म्हणजे अमेरिकी पद्धत धरून बसलेलं एखादं अ‍ॅप नांदेडमध्ये फजर बारा-तेरा मिनिटं उशिरा दाखवणार. एकाच घरात दोन फोन दोन वेळा दाखवतात आणि लोक म्हणतात, इंटरनेटवर काही खरं नसतं. इंटरनेट खोटं बोलत नसतं. कुठली पद्धत धरली हे आपण विचारलेलं नसतं आणि त्याने सांगितलेलं नसतं.

हे सगळं मी नीट केलं होतं. 18 अंश, हनफी असर, सगळं. हमीद जर्राबीजादे नावाच्या गृहस्थांनी 'प्रे टाइम्स' हा कोड तयार करून सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. त्यावरून मी आकडेमोड समजून घेतली होती. माझ्या पानाच्या पहिल्या रूपात वर फक्त दोन बटणं होती, नांदेड आणि लातूर. रमजानच्या आठवडाभर आधी मला ते गावठी वाटू लागलं. मी बटणं काढली आणि पान स्वतःच फोनला विचारेल, 'तू कुठे आहेस?' अशी सोय केली. फोनने उत्तर दिलं नाही तर काय, यासाठी कोडमध्ये एक पर्यायी ठिकाण लिहावं लागतं. चाचणी करताना मी तिथे मुंबई लिहिली होती. ती तशीच राहिली.

खाला बॅटरी वाचावी म्हणून फोनचं लोकेशन बंद ठेवतात. त्यांच्या वयाच्या बहुतेक बायका तसंच करतात.

मुंबई आणि नांदेड जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, एकोणीसच्या थोडं वर. फरक रेखांशाचा. मुंबई 73 च्या अलीकडे, नांदेड 77 च्या पलीकडे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य नांदेडला मुंबईपेक्षा जवळपास अठरा मिनिटं आधी उगवतो. घड्याळं मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, ती 1906 पासून आहे. मुंबईने आपली वेगळी वेळ 1955 पर्यंत जपली होती. आता सगळा देश एका घड्याळावर चालतो, पण रोजा घड्याळावर चालत नाही. तो आपल्या डोक्यावरच्या आभाळावर चालतो. लातूर आणि नांदेडमध्येसुद्धा तीन मिनिटांचा फरक आहे. म्हणूनच त्या किराणा दुकानाच्या कागदाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की लातूरवाल्यांनी इतकी मिनिटं मिळवावीत.

इफ्तार अठरा मिनिटं उशिरा झाला तर रोजा बिघडत नाही, फक्त जीव कासावीस होतो. आणि मगरिबची अजान ऐकू येतेच, त्यामुळे संध्याकाळी कोणी फोन बघतच नव्हतं. सहरीचं उलटं आहे. सुबह सादिक झाल्यावर खाणं सुरू राहिलं तर तो रोजा होत नाही. अजून रात्र आहे अशा समजुतीने खाल्लं असेल तर हनफी मसल्यानुसार कफ्फारा नाही, पण कजा आहे. म्हणजे तेवढे रोजे नंतर पुन्हा धरायचे.

कोणी म्हणेल, पहाटे अजान ऐकू येत नाही का? पूर्वी यायची. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला मनाई करतात. 2022 मध्ये भोंग्यांचं राजकारण तापलं, त्यानंतर आमच्या भागातल्या मशिदींनी फजरची अजान आतल्या आत द्यायला सुरुवात केली. मला त्या वादात इथे शिरायचं नाही. नियम सगळ्यांना सारखा लागावा एवढंच माझं म्हणणं, आणि ते स्वतंत्र लेखाचं काम आहे. इथे सांगायचं ते इतकंच, की पहाटेचा आवाज बंद झाला तेव्हा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी घड्याळाऐवजी फोन उशाशी घेतला. मी फावल्या वेळात केलेली गोष्ट मुअज्जिनच्या जागी जाऊन बसली होती, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

आता सगळ्यात लाजिरवाणा भाग. मी स्वतः ते पान पाहत नव्हतो. आमच्या फ्रिजवर तोच छापील कागद चुंबकाने लावलेला होता आणि मी रोज त्यातच पाहून पाणी बंद करत होतो.

आमच्या धंद्यात साइड प्रोजेक्टचं फार कौतुक असतं. पुण्याच्या, बंगळुरूच्या मुलाखतीत विचारतात, नोकरीशिवाय काय करता? ते नसेल तर माणूस मंद समजला जातो. सोशल मीडियावर रोजची खबरबात टाकायची पद्धत आहे. आज हे बनवलं, आज शंभर लोक आले, आज नवं रूप दिलं. मीही टाकायचो. बटणं काढून लोकेशनची सोय केली त्या दिवशीही टाकली होती, 'आता पान आपोआप ओळखणार तुम्ही कुठे आहात.' चाळीसेक लोकांनी अंगठे दाखवले. त्यातल्या एकानेही लोकेशन बंद करून पाहिलं नसेल. मी तरी कुठे पाहिलं होतं?

या खबरबातीत एक गोष्ट कधीच नसते. काय बिघडलं, कोणाचं बिघडलं, आणि काय बंद केलं. सुरुवातीचे पेढे सगळे वाटतात. माझं मत असं झालंय, की डेव्हलपरने आपली रोजची हकीकत लिहावी, जरूर लिहावी, मराठीत लिहावी, पण तिचा अर्धा भाग चुकांचा असावा. दुकानदार उधारीची वही ठेवतो तशी.

'साइड' या शब्दाची गंमत अशी, की तो फक्त बनवणाऱ्याच्या बाजूने खरा असतो. माझ्या दिवसात ते पान कडेला होतं. खालांच्या दिवसात ते पहाटे साडेचारला, मध्यभागी होतं. वापरणाऱ्याला तुमची बाजू कुठली आणि मुख्य काम कुठलं हे दिसत नाही. त्याने दिसून घ्यावं अशी अपेक्षाही चूक आहे.

मोठ्या जगातही हेच चालतं. 2016 च्या मार्चमध्ये अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रॅमरने एका वादातून आपला 'लेफ्ट-पॅड' हा कोड सार्वजनिक भांडारातून काढून घेतला. अकरा ओळींचा कोड. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्य भरायची, एवढंच त्याचं काम. त्यावर जगभरातले हजारो प्रकल्प टेकलेले निघाले आणि ते धडाधड अडकले. शेवटी भांडार चालवणाऱ्यांनी तो परत ठेवला. तेव्हा मी लातूरला होतो आणि ही बातमी वाचून खूप हसलो होतो. अकरा ओळी! सात वर्षांनी माझी एकच ओळ निघाली, दोन आकड्यांची. मुंबईचे अक्षांश आणि रेखांश.

उलट उदाहरणही आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. जगातल्या कुठल्या प्रदेशात कुठली वेळ कधीपासून चालते, याची एक नोंदवही आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी 1980 च्या दशकात ती सुरू केली आणि वर्षानुवर्षं ती स्वयंसेवकांनी सांभाळली. आपल्या अँड्रॉइड फोनमधली वेळ तिच्यावरच अवलंबून असते. त्यात आपण 'एशिया/कोलकाता' या नावाने आहोत. पगारी काम नाही, दुकान नाही. पण कुठला बदल कोणी, कशाच्या आधारे केला हे तिथे लिहिलेलं सापडतं, आणि ओल्सन निवृत्त होण्याच्या सुमारास, 2011 मध्ये, ती नोंदवही इंटरनेटचे क्रमांक सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेकडे गेली. माणूस बाजूला झाला, काम राहिलं. फावल्या वेळात केलेलं काम असंही असू शकतं.

म्हणून लोक मला सांगतात, 'फुकटचं असंच असतं, पैसे लावा म्हणजे जबाबदारी येईल,' ते मला पटत नाही. किराणा दुकानाचा कागदही फुकटच असतो. त्याच्याकडे मी त्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट पाहिलं. खाली वेळा तयार करणाऱ्या मौलानांचं नाव होतं, मशिदीचं नाव होतं, एक फोन नंबर होता. सहरी तीन मिनिटं आधी आणि इफ्तार तीन मिनिटं नंतर धरल्याचं लिहिलं होतं, एहतियात म्हणून. चूक झालीच तर ती कमी त्रासाच्या बाजूला व्हावी, हा विचार त्या कागदाने केला होता. माझ्या पानावर नाव नव्हतं, नंबर नव्हता, एहतियात नव्हती. सेकंदांचा उलटा काटा मात्र होता. खालांना पाच-तेवीस वाजेपर्यंत किती सेकंद उरलेत हे अगदी अचूक कळत होतं.

मला स्वतःचंच एक जुनं काम आठवलं. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून लातुरात जमावबंदी लावावी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिण्या, पाच लाख लिटर. तेव्हा आमच्या गल्लीसाठी मी एक साधं पान केलं होतं. नळ कोणत्या दिवशी आला, टँकर कुठे उभा आहे, कोणी पाहिलं. मी काहीही 'आपोआप' केलं नव्हतं. अम्मी आणि समोरच्या काकू पाहून सांगायच्या, मी टाकायचो, खाली सांगणाऱ्याचं नाव लिहायचो. चूक असेल तर काकूंच्या दारात जाऊन लोक बोलायचे आणि दहा मिनिटांत पान दुरुस्त व्हायचं. पावसाळ्यानंतर धरणात पाणी आलं, तसं मी ते पान बंद केलं आणि 'बंद केलंय' असं त्यावर लिहिलं. दिसायला ते इतकं ओबडधोबड होतं की मी कधी मुलाखतीत दाखवलं नाही. आज वाटतं, मी केलेल्यांपैकी तेच सगळ्यात नीट काम होतं. ते ज्यांचं होतं त्यांना ते कोणाचं आहे हे माहीत होतं.

त्या संध्याकाळी इफ्तारनंतर मी पान बंद केलं आणि त्या जागी एकच मजकूर ठेवला. नांदेडची सहरी चुकीची दाखवली गेली, ज्यांचं लोकेशन बंद होतं त्यांनी पाच रोज्यांविषयी आपल्या मशिदीच्या इमामांना विचारावं. खाली नाव आणि नंबर. तरावीहनंतर मशिदीत उभं राहून सांगितलंही. बोलताना जीभ अडखळत होती. सात फोन आले. एक माणूस रागावला, तो बरोबरच होता. एक मुलगी हसून म्हणाली, भाई, मी तर अजान व्हायच्या आधीच झोपते. दोघांनी विचारलं, पान पुन्हा कधी सुरू होणार? त्या प्रश्नाची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

नवं पान मी शव्वालमध्ये बनवलं. त्यात लोकेशन नाही. नांदेड आणि लातूर, दोन रकाने, वर्षभराच्या वेळा आधीच मोजून लिहून ठेवलेल्या. तिसऱ्या गावाच्या माणसाला ते उपयोगाचं नाही आणि तसं वर लिहिलंय. परभणीच्या एका मित्राने आपलं शहर घाला म्हणून आग्रह केला. मी म्हणालो, तुमच्याकडचा एक माणूस द्या, जो दर महिन्याला तुमच्या मशिदीच्या तक्त्याशी ताडून पाहील, मग घालतो. अजून माणूस मिळालेला नाही. नेट नसलं तरी पान उघडतं. उलटा काटा काढून टाकला. पानाच्या चाव्या आता माझ्याशिवाय आणखी एकाकडे आहेत, आमच्या गल्लीतला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. उद्या मी आजारी पडलो किंवा मला दुबईला नोकरी लागली (अम्मीची दुआ चालूच असते) तर त्याला काय करायचं ते एका कागदावर लिहून दिलंय. कागदावरच.

हे करताना कळलं की पान लहान झालं आणि काम वाढलं. पूर्वी मी कोड लिहून मोकळा व्हायचो. आता शाबान लागला की तक्ता छापतो, मुअज्जिन साहेबांकडे नेतो, ते चष्मा लावून एकेक ओळ बोटाने पाहतात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक चूक काढली, माझी नव्हे, त्यांच्याच जुन्या तक्त्यातली. एका तारखेला छपाईत 6 चा 9 झाला होता. दोघंही खूश झालो.

खालांनी त्या वर्षीचे पाच रोजे मे महिन्यात धरले. नांदेडचा मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंश, आणि दिवस मार्चपेक्षा लांब. मी म्हटलं, खाला, हिवाळ्यात धरा, दिवस लहान असतो, कजाला तशी घाई नाही. त्या म्हणाल्या, "नक्को रे बेटा, जिंदगी का क्या भरोसा." मग मीही त्यांच्याबरोबर पाचही दिवस धरले, नफल म्हणून. त्याने हिशेब फिटला असं मी मानत नाही, त्यांचे रोजे त्यांनाच धरावे लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, तेव्हा त्या आमच्याकडे येऊन अम्मीजवळ फरशीवर आडव्या पडल्या आणि मी समोर बसून कुठल्याशा क्लासच्या गुणवंतांचे फोटो लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत सरकवत होतो.

पुढच्या रमजानला मी त्यांच्या फोनवर नवं पान उघडून दिलं. त्यांनी ते नीट पाहिलं, मग किराणा दुकानाचा कागद आणून शेजारी धरला आणि पहिल्या दहा दिवसांच्या वेळा मला मोठ्याने वाचायला लावल्या.